रुग्णालयातील मोरी आणि सुरतेचा धडा

तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडून सुरतेकडे जाणाऱ्या आगगाडीत रोज काही प्रवासी असे असतात की, ज्यांच्या हातात कापडी पिशवीबरोबर डॉक्टरी कागदांची जाड फाइल असते. नंदुरबार, नवापूर, दोंडाईचा, अमळनेर या भागांतील पुष्कळ लोकांना मोठ्या आजारात सुरत जवळची वाटते. शिवाय उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत खानदेशातून यंत्रमागावर कामाला गेलेली कुटुंबे दीड-दोन पिढ्यांपासून राहत असल्यामुळे तेथे उतरावयास कोणी ना कोणी आपले माणूस असतेच. रुग्ण दाखल होतो. मावशी, वहिनी किंवा थोरला भाऊ रात्री उशाशी बसतो. सकाळी चहा येतो, दुपारी डबा येतो. जेवण झाल्यावर डबा विसळण्यास हाताशी एकच जागा दिसते, ती म्हणजे वॉर्डाच्या भिंतीला लावलेले बेसिन. उरलेली डाळ, पेल्याच्या तळाचा चहा, कधी रुग्णाने अर्धवट टाकलेले ग्लुकोजचे पाणी तेथेच ओतले जाते. नळ सोडला जातो आणि सारे वाहून गेले, असे समजून माणूस परत खाटेपाशी येऊन बसतो.

सारे वाहून जात मात्र नाही. त्यातील काही भाग बेसिनच्या खालच्या वाकड्या नळीत राहतो, आणि त्यावर एक निराळाच संसार पोसला जातो. हे चित्र कोणत्याही एका शहराचे किंवा एका रुग्णालयाचे नव्हे. मुंबई, पुणे, नागपूर, सुरत किंवा तालुक्याचे गाव, जेथे खाट आहे आणि खाटेजवळ बेसिन आहे, तेथे ते थोड्याफार फरकाने दिसते. या वाकड्या नळीत काय घडते, ते रुग्णापर्यंत कसे पोहोचते आणि त्याला आळा कसा घालता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रारंभ सुरतेपासून करणे उचित ठरेल. कारण रोगाचा विचार करताना औषधाबरोबर गटाराकडेही पाहावे लागते, हे त्या शहराने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे.

१९९४ चे सुरत

१९९४ च्या पावसाळ्यात तापीला पूर आला. खालच्या भागांत पाणी साचले, चिखल राहिला, मेलेली जनावरे कुजली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोडच्या परिसरातून तीव्र ताप आणि खोकल्याचे रुग्ण इस्पितळात येऊ लागले आणि फुप्फुसाचा प्लेग आला, ही वार्ता शहरभर पसरली. त्याआधी काही आठवडे आपल्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळलेले होते. सुमारे पंधरा लाख वस्तीच्या सुरतेतून काही लाख लोक मिळेल त्या वाहनाने बाहेर पडले. त्यांत खानदेशचे कामगारही पुष्कळ होते. देशातील बळींची अधिकृत संख्या पन्नासच्या थोडी वर गेली. आकडा लहान वाटेल. परंतु त्या दिवसांतील भय ज्यांनी पाहिले, त्यांना तो लहान वाटत नाही.

प्लेगचा जंतू मोरीतला नव्हे. तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो आणि फुप्फुसाचा प्लेग झालेल्या रुग्णाच्या खोकल्यातून दुसऱ्याकडे जातो. त्या वेळी टेट्रासायक्लिन हे औषध उपयोगी पडले. ते घराघरांतून वाटण्यात आले आणि साथ काही दिवसांतच ओसरली. गोष्ट तेथेच संपली असती, तर सुरतेचे नाव घेण्याचे कारण उरले नसते. पण मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त झाले आणि त्यांनी रोग गेल्यानंतर रोगाच्या जागेकडे पाहावयास सुरुवात केली. अधिकारी सकाळी कचेरीत न बसता गल्लीत उतरू लागले. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला अधिकारही देण्यात आले आणि जबाबदारीही. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. कोणत्या भागात ताप, जुलाब यांचे रुग्ण वाढले आहेत, याची माहिती दवाखान्यांतून नियमितपणे गोळा होऊ लागली. वर्ष-दीड वर्षात, १९९६ साली, ‘इन्टॅक’ या संस्थेने सुरतेला चंडीगढच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरविले. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत आणि इंदूर या दोघांना मिळून पहिला क्रमांक देण्यात आला.

सुरतेजवळ १९९४ मध्ये लागू पडणारे औषध होते, तरीही तिने गटारे साफ केली. आज रुग्णालयांच्या मोऱ्यांत जे जंतू वस्तीला असतात, त्यांच्यापैकी कित्येकांवर ठेवणीतील औषधेही चालेनाशी झाली आहेत. तेथे मोरीकडे लक्ष देण्यावाचून गत्यंतरच नाही.

वाकड्या नळीचे गुण आणि दोष

बेसिनच्या खाली वाकून पाहिले, तर भोकापासून निघालेली नळी थोडी खाली जाऊन पुन्हा वर वळलेली दिसते. काही ठिकाणी तिच्याऐवजी लहान बाटलीसारखा भाग असतो. प्लंबर याला ट्रॅप म्हणतात. या वळणात थोडे पाणी कायम साठून राहते. त्या पाण्याच्या बुचामुळे गटारातील दुर्गंधी वायू खोलीत येत नाही. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये शौचकूपासाठी अशा वळणाच्या नळीचे एकस्व घेतले. माणसाच्या आरोग्यावर उपकार करणाऱ्या शोधांमध्ये या साध्या वळणाची गणना करावी लागेल. घराघरांत स्वयंपाकघराच्या शेजारी मोरी नांदू शकते, ती त्याच्याच बळावर.

परंतु जेथे पाणी कायम साठते, तेथे जंतूही कायम राहतात. ओल आहे, अंधार आहे, ऊब आहे आणि वरून अन्न येत आहे. याहून अधिक त्यांना काय हवे? नळीच्या आतल्या अंगाला हात लावला तर बुळबुळीत लागते. हा बुळबुळीत थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती विणलेले घर होय. शास्त्रज्ञ त्याला जैवपटल म्हणतात. पाण्यात सुटा तरंगणारा जंतू जंतुनाशकाने सहज मरतो. तोच या थराच्या आत असला, तर वरचे काही मरतात आणि आतले जगतात. विहिरीच्या पायरीवरील शेवाळ वरवर खरवडले, तर आठ-दहा दिवसांत ते पुन्हा धरते, हे खेड्यातील वाचकांना सांगावयास नको.

या वस्तीतील प्रमुख रहिवाशाचे नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा असे आहे. जखमेच्या पट्टीवर कधीकधी निळसर हिरवा डाग पडतो, त्याचे कारण शोधताना फ्रान्समधील औषधशास्त्रज्ञ कार्ल गेसार यांना १८८२ मध्ये हा जंतू वेगळा करता आला. निरोगी माणसाला तो सहसा उपद्रव देत नाही. त्याच्या घरच्या मोरीतही तो असू शकतो आणि त्याचे काही बिघडत नाही. पण भाजलेला रुग्ण, अपुऱ्या दिवसांचे मूल, श्वासयंत्रावर ठेवलेला किंवा कर्करोगाचे उपचार घेणारा माणूस यांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगात नळ्या आणि सुया घातलेल्या असतात, कातडीचे कुंपण तुटलेले असते, प्रतिकारशक्ती खचलेली असते. त्यांच्या रक्तात, जखमेत किंवा फुप्फुसात हा जंतू शिरला, तर प्रसंग जिवावर बेततो. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर ही त्याच मोरीतील आणखी काही नावे होत.

औषधांना दाद न देण्याचा गुण हे जंतू एकमेकांना देऊ शकतात, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे. एका जंतूजवळील हा गुण शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूकडे जातो. रुग्णाच्या उरलेल्या सलाइनबरोबर प्रतिजैविकाचे थेंब मोरीत पडत असतील, तर दुबळे मरतात आणि टिकाव धरणारे तेवढे वाढतात. नवी दिल्लीत गोळा केलेल्या पाण्याच्या नमुन्यांवरील एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यांवर आणि नाल्यांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत, तसेच नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत अशा प्रबळ औषधांना निष्प्रभ करणारे एनडीएम-१ नावाचे जनुक आढळले. त्या नावावरून तेव्हा बरेच वादंग माजले. नावाचा वाद बाजूला ठेवला, तरी मोरी आणि नाला यांच्यामार्फत रुग्णालय व वस्ती एकमेकांना जोडलेली आहेत, हे त्यातून दिसलेच.

मोरीतून खाटेपर्यंत

येथे कोणीही विचारील की, जंतू मोरीत खाली आहेत. पाणीही खालीच जाते. मग ते रुग्णापर्यंत यावे कसे? बरीच वर्षे डॉक्टरमंडळींनाही हा प्रश्न पडत असे. मोरीत जंतू सापडत, पण ते रुग्णाकडून मोरीत गेले की मोरीतून रुग्णाकडे आले, हे ठामपणे सांगता येत नसे.

कॅनडातील टोरांटो शहराच्या एका मोठ्या रुग्णालयात डिसेंबर २००४ पासून सुमारे सव्वा वर्षाच्या अवधीत ३६ रुग्णांच्या शरीरात एकाच वाणाचा स्यूडोमोनास आढळला. अनेक औषधांना तो दाद देत नव्हता. त्यांतील कित्येक रुग्ण दगावले. कोठून येतो, कोठून येतो, याचा शोध चालला असता संशय अतिदक्षता विभागातील हात धुण्याच्या बेसिनांवर गेला. तेव्हा तेथील मंडळींनी एक साधा प्रयोग केला. बेसिनच्या भोकात चमकणारा रंग ओतला, नळ सोडला आणि विशिष्ट प्रकाशात खोली पाहिली. रंगाचे शिंतोडे बेसिनपासून निदान एक मीटरपर्यंत उडालेले दिसले. त्या टापूत रुग्णाची खाट होती आणि औषधे तयार करण्याची फळीही होती. बेसिने उथळ होती, आणि नळाची धार सरळ भोकावरच पडत होती. जंतुनाशकाने मोऱ्या धुऊन साथ थांबली नव्हती. बेसिनांची रचना बदलून शिंतोडे बंद केले, तेव्हा ती थांबली.

उरलेला दुवा अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जोडला. त्यांनी प्रयोगशाळेत ओळीने पाच बेसिने बसविली आणि हिरवा चमकणारा निरुपद्रवी जंतू त्यांतील एकाच्या वाकड्या नळीत सोडला. नुसते पाणी सोडले, तेव्हा शिंतोड्यांत जंतू आढळले नाहीत. पण नळीत रोज थोडा पौष्टिक रस घालू लागताच बुळबुळीत थर नळीच्या आतून वर चढू लागला. दिवसाला सुमारे एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, या गतीने तो आठवडाभरात जाळीपर्यंत येऊन ठेपला. त्यानंतर नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर जंतू बाहेर पडू लागले आणि बेसिनभोवती पाऊण मीटरपर्यंत मिळू लागले. सांडपाण्याची नळी एकच असल्यामुळे ते शेजारच्या बेसिनांतही पोहोचले.

डबा विसळणाऱ्या वहिनींचा या साऱ्याशी काय संबंध, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. मोरीतील जंतू आपले आपण वर येत नाहीत. त्यांना वर येण्यास अन्न लागते. ते अन्न चहा, दूध, डाळ, फळांचा रस, ग्लुकोज आणि नळीवाटे द्यावयाचा पातळ आहार यांच्या रूपाने माणसेच पुरवितात. त्यांत नातलग असतात, तसे रुग्णालयाचे कर्मचारीही असतात. दोष एका पक्षाचा नाही. बेसिन हात धुण्यासाठी लावलेले असते, पण दुसरी सोय जवळ नसली की तेच भांडी घासण्याची जागा बनते, अंग पुसण्याचे पाणी टाकण्याची जागा बनते, आणि शेवटी त्यावरील फळीवर औषधांचा ट्रेही विसावतो.

नळाकडूनही धोका संभवतो. उत्तर आयर्लंडमधील दोन रुग्णालयांच्या नवजात अर्भकांच्या विभागांत डिसेंबर २०११ आणि जानेवारी २०१२ या दोन महिन्यांत स्यूडोमोनासमुळे चार बालके दगावली. तपासात संशय नळांवर गेला. आतील गुंतागुंतीच्या भागांत ओल राहून जंतूंनी घर केले होते. भपकेबाज तोटीपेक्षा साधी, सुटी करून धुता येणारी तोटी रुग्णालयात बरी, हा त्यातील बोध आपल्याकडील बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनीही ध्यानी घ्यावा असा आहे.

हात धुणे सोडावयाचे काय?

मुळीच नाही. हे ऐकून कोणी हात धुणे कमी केले, तर औषधापेक्षा रोग बरा म्हणण्याची पाळी येईल. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले. हाताने जेवढा रोग पसरतो, तेवढा मोरीने पसरत नाही. म्हणून हात धुवावयाचेच, पण धुण्याची जागा रोगाचे घर होऊ द्यावयाची नाही. हात मळलेले दिसत नसतील, तर डॉक्टर आणि परिचारिका यांनी खाटेपाशीच हातावर चोळण्याचे स्पिरिटयुक्त द्रव्य वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे बेसिनवरील भारही कमी होतो. रक्त, शौच किंवा माती लागलेल्या हातांना मात्र साबण आणि पाण्यावाचून पर्याय नाही.

काय केल्याने काय होते

मोरीचा वास आला की आपल्याकडे ॲसिडची किंवा फिनेलची बाटली शोधली जाते. ओतणाऱ्याला समाधान मिळते, वास जातो, आणि तपासणीला आलेला अधिकारीही प्रसन्न होतो. पण ही द्रव्ये नळीतून क्षणात वाहून जातात. बुळबुळीत थराच्या आत ती पुरेशी शिरत नाहीत. जंतूंची संख्या काही दिवस घटते आणि पुन्हा पूर्ववत होते. ॲसिड आणि ब्लीचिंगचे द्रावण एकापाठोपाठ ओतणे तर उघड धोक्याचे आहे. दोघांच्या संयोगाने क्लोरिन वायू सुटतो, आणि तो मोरीवर वाकलेल्या सफाई कामगाराच्या छातीत जातो. काही देशांत वाकडी नळी विजेने तापवून जंतू मारणारी उपकरणे बसविण्यात आली आहेत. त्यांचा गुण आहे, पण खर्चही आहे, आणि वीज गेली की उपकरण थंड पडते. तालुक्याच्या रुग्णालयाने त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

खरा उपयोग तीन-चार साध्या गोष्टींचा होतो, आणि त्यांतील पहिली म्हणजे बेसिनात हात धुण्याखेरीज काहीही न करणे. उरलेले सलाइन, औषध, रुग्णाचा आहार, लघवी, ड्रेसिंगचे पाणी यांपैकी काहीही तेथे जाता कामा नये. यासाठी वॉर्डाच्या टोकाला वेगळी मोरी लागते आणि तिचे दार उघडे असावे लागते. कित्येक इमारतींत अशी मोरी बांधलेली असते, पण ती जुन्या खाटा आणि मोडके स्टूल यांच्या साठवणीची खोली झालेली असते. ती मोकळी करण्यास निविदा मागवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. बेसिनपासून निदान एक मीटरच्या आत सुया, इंजेक्शने, कापूस, दुधाच्या बाटल्या किंवा औषधांचा ट्रे ठेवू नये. जागा अपुरी असेल, तर मध्ये उभा आडोसा लावावा. गुळगुळीत आणि पुसता येईल असा पत्रा किंवा ॲक्रिलिकची फळी चालते. बेसिन खोल असावे आणि नळाची धार भोकावर न पडता भांड्याच्या उतारावर पडावी. ब्रिटनमध्ये वॉर्डातील हात धुण्याच्या बेसिनला बूच आणि वरच्या अंगाचे भोक ठेवत नाहीत, कारण पाणी साठविण्याचे तेथे प्रयोजनच नाही. आपल्याकडे बेसिन जुने असले, तरी नळ थोडा फिरवून किंवा त्याची धार बारीक करून पुष्कळ काम साधते. प्लंबरला हे अर्ध्या तासाचे काम आहे.

साफसफाईचा क्रमही महत्त्वाचा आहे, आणि हे फार थोड्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना समजावून सांगितले जाते. आधी नळाची तोटी पुसावी, नंतर बेसिनची कड आणि भांडे, आणि सर्वांत शेवटी भोकाची जाळी. जाळी पुसलेल्या फडक्याने तोटी पुसली, तर खालचे जंतू आपल्याच हाताने वर नेऊन ठेवल्यासारखे होते. ते फडके दुसऱ्या बेसिनकडेही नेऊ नये. जो नळ क्वचित वापरला जातो, तो रोज काही मिनिटे सोडावा. न वापरलेल्या नळातच जंतूंना स्वस्थता मिळते. आणि तुंबलेली मोरी त्याच दिवशी मोकळी व्हावयास हवी. पाणी भांड्यात चढून उभे राहिले, की वाकडी नळी, जाळी आणि भांडे यांत काही अंतरच उरत नाही.

नेदरलँड्समधील नाइमेखन येथील विद्यापीठ रुग्णालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. २०१४ मध्ये तेथील अतिदक्षता विभागाच्या खोल्यांतून बेसिने काढूनच टाकण्यात आली. रुग्णाचे अंग पुसण्यास तयार ओले रुमाल आणि औषधासाठी बाटलीतील पाणी वापरण्यात येऊ लागले. त्यानंतर रुग्णांच्या अंगावर या वर्गातील जंतू मिळण्याचे प्रमाण घटले. जे रुग्ण तेथे अधिक दिवस राहिले, त्यांच्या बाबतीत ते अधिक घटले. आपल्या गर्दीच्या वॉर्डांना हा मार्ग जसाच्या तसा परवडणारा नाही, आणि घाईने बेसिने काढली तर हातही धुतले जाणार नाहीत. परंतु नवीन अतिदक्षता कक्षाचा नकाशा काढताना बेसिन खाटेच्या उशाशी न घेता दाराजवळ घेणे काही अवघड नाही.

खेड्यातील केंद्र आणि शाळा

प्राथमिक आरोग्य केंद्रात श्वासयंत्र नसते, पण बाळंतीण असते आणि नवजात बालक असते. तेथील प्रसूतिकक्षातील बेसिनला वरील सर्व नियम लागू पडतात. केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत सार्वजनिक रुग्णालयांच्या स्वच्छतेला आणि जंतुसंसर्ग रोखण्याला गुण दिले जातात. गुणपत्रिका भरताना फरशी चकचकीत आहे की नाही, हे चटकन दिसते. बेसिनच्या खाली वाकून पाहण्यास मात्र कमरेला त्रास द्यावा लागतो. तपासणी करणाऱ्यांनी तो द्यावा, आणि नळीला गळती आहे काय, जाळीवर चिकट थर आहे काय, शेजारच्या फळीवर काय ठेवले आहे, हे पाहून लिहावे.

शिक्षकांना हा विषय वर्गात शिकविण्यास सोपा आहे. शाळेच्या हात धुण्याच्या जागी भोकात थोडी ओली हळद किंवा शाई घालावी, भोवती पांढरा कागद पसरावा आणि नळ जोरात सोडावा. कागदावर कोठवर डाग पडतात, हे मुलांनी पट्टीने मोजावे. मग धार बारीक करून तोच प्रयोग पुन्हा करावा. टोरांटोच्या डॉक्टरांनी जे पाहिले, त्याचीच ही लहान आवृत्ती होय, आणि ती पाहिलेली मुले घरी जाऊन आजीला ते सांगितल्यावाचून राहत नाहीत.

ग्रामपंचायत सदस्य, आशा कार्यकर्त्या आणि गावातील जाणती माणसे रुग्णाबरोबर जाणाऱ्या नातलगांना निघतानाच सांगू शकतात की, डबा घरूनच झाकणाच्या रिकाम्या भांड्यासह न्यावा, उष्टे त्यात काढावे आणि डबा बाहेरच्या धुण्याच्या जागी विसळावा. रुग्णालयात रागावून सांगितलेले माणूस ऐकत नाही. गावातल्या माणसाने सांगितलेले ऐकतो. त्याच वेळी रुग्णालयानेही बाहेर धुण्याची जागा ठेवली पाहिजे आणि तेथे पाणी असले पाहिजे. ‘येथे भांडी धुऊ नये’ एवढीच पाटी लावून कोठे धुवावीत हे न सांगणे, याला व्यवस्था म्हणता येणार नाही. सुरतेसारख्या ठिकाणी, जेथे गुजराती, मराठी, हिंदी आणि उडिया बोलणारे कामगार एकाच वॉर्डात असतात, तेथे पाटीपेक्षा चित्र अधिक उपयोगी पडते.

या साऱ्यास लागणारा खर्च थोडा आहे. एका वॉर्डाला दोन-तीन झाकणाच्या बादल्या, एक आडोशाची फळी, वेगवेगळ्या रंगांची फडकी आणि प्लंबरची एक फेरी पुरते. सुरतेत १९९५ नंतर जे झाले, त्यात नवी यंत्रे थोडी होती. प्रत्येक गल्लीपुढे एका माणसाचे नाव लिहिले गेले, हे त्यातील मुख्य काम होते. वॉर्डातील प्रत्येक बेसिनपुढेही असेच एक नाव असावयास हवे. खाटेपाशी उष्ट्या चहासाठी आणि उरलेल्या पाण्यासाठी झाकणाची बादली ठेवणे सोपे आहे. ती दुपारी आणि रात्री टोकाच्या मोरीत नेऊन कोणी रिकामी करावयाची, एवढे मात्र ती ठेवण्याच्या आधी ठरवावे लागते.